कोलायटिस असताना पेनकिलर: मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, कुणी आत्ता मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून वाचत असेल तर त्याची सोय होईल. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला सूज आणि जखमा येणारे जुनाट आजार) असेल आणि डोकं, कंबर, अंग काहीही दुखत असेल तर पहिली गोळी साधी पॅरासिटामॉल, नुसती पॅरासिटामॉल, तिच्यात दुसरं काहीही मिसळलेलं नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, पायरॉक्सिकॅम, केटोरोलॅक हे सगळे एकाच गटातले (पुढे बहुतेक ठिकाणी ‘पेनकिलर’ म्हणजे हाच गट), यातलं काहीही घ्यायच्या आधी पोटाच्या डॉक्टरला एक फोन. आणि सांधा एकदम सुजला असेल तर गोळी कुठली हा प्रश्न नंतरचा, आधी पोटाची चौकशी. एवढं कळलं तरी पुरे, पुढचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

मी डॉक्टर नाही. कोलायटिसची जुनी पेशंट आहे, मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारं औषध) रोजचं ठरलेलं, मधे मधे स्टेरॉइडचा कोर्स होतो, आणि पोटासोबत घोटा आणि कंबर हे दोघं पण त्रास देतात. आजार आतड्याचा आणि दुखतोय घोटा, हे घरच्यांना पटवायला मला खूप दिवस लागले. पण हे नेहमीचंच आहे, आयबीडीवाल्या (म्हणजे कोलायटिस किंवा क्रोन्स असलेल्या) बऱ्याच जणांना सांध्यांचा त्रास होतो, कारण बिघाड शरीराच्या प्रतिकारशक्तीत असतो आणि ती काही फक्त आतड्यापुरती नसते, सांधे, डोळे, कातडी सगळीकडे जाते. (आयबीडी आणि आयबीएस यात गल्लत करू नका, आयबीएसमध्ये दुर्बिणीतून आतडं नॉर्मल दिसतं, आयबीडीमध्ये खरोखरच्या जखमा असतात, सूज असते, रक्त जातं.) म्हणजे आपली पंचाईत अशी की पेनकिलरची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त पडते आणि नेमकी तीच आपल्याला जपून घ्यावी लागते. म्हणून हा रिव्ह्यू लिहावासा वाटला, कारण गोळी दुखणं थांबवते का यावर कुणीही सांगेल, पण ती आपल्या आतड्याशी कशी वागते हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

थोडं आत काय होतं ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या पोटाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तराला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सांभाळत असतात, चिकट थर तयार करणं, रक्तपुरवठा ठेवणं, जखम भरून आणणं ही त्यांची कामं. दुखणं आणि सूज पण याच रसायनांमुळे येते. ही रसायनं बनवणारी एन्झाइम्स म्हणजे कॉक्स-१ आणि कॉक्स-२. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि त्यांना १९८२ चं नोबेल त्यासाठीच मिळालं, दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत. तर नेहमीची पेनकिलर दोन्ही एन्झाइम बंद करते, दुखणं जातं पण अस्तराची राखण पण जाते. धडधाकट माणसाचं आतडं हे बहुतेक वेळा निभावून नेतं. आपल्या आतड्यावर मुळातच जखमा असतात, किंवा नुकत्याच भरून आलेल्या असतात, तिथे हे किती परवडेल हा खरा प्रश्न.

आता एकेक गोळी.

पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो ६५०, कॅल्पॉल वगैरे. पाचपैकी चार मार्क. एक मार्क कापला कारण सूज ती फारशी उतरवत नाही, ताप आणि डोकेदुखीला मस्त, पाठ आखडली असेल तर निम्मं काम करते, सुजलेल्या घोट्याला मात्र अगदीच कमी. पण आतड्याच्या बाबतीत सगळ्यात कमी भानगडी हिच्याच. फक्त दिवसाचा हिशोब ठेवा, मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा, लिव्हरचं काही असेल, दारू असेल, वजन कमी असेल तर डॉक्टर त्याच्याही बरंच खाली ठेवतात. आणि हिशोबात सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल पण धरायचं, ते लोक धरतच नाहीत.

आता या ‘डोलो’ नावाबद्दल जरा थांबून लिहिते कारण इथे लोक खरंच फसतात. डोलो ६५० म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल. डोलोकाइंड प्लस म्हणजे ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. डोलोनेक्स म्हणजे पायरॉक्सिकॅम, जे अंगात दिवसेंदिवस टिकून राहतं. तिन्ही नावं कानाला सारखी, फोनवरून मुलाला सांगितलं ‘येताना डोलो आण’ आणि त्याने दुसरंच काही आणलं तर त्याचा काय दोष. तसंच नावापुढच्या अक्षरांचं. पी असेल तर बहुतेक वेळा सोबत पॅरासिटामॉल घातलेलं असतं, एसपी असेल तर त्यात सेरॅशिओपेप्टिडेज (सुजेसाठी घालतात ते एन्झाइम) पण, एमआर असेल तर स्नायू सैल करणारं औषध. झेरोडॉल पी, झेरोडॉल एसपी यात मुख्य औषध ॲसिक्लोफेनॅकच, पण ‘पी’ बघून लोकांना वाटतं की ही पॅरासिटामॉलचीच काहीतरी भारीतली गोळी आहे. कॉम्बिफ्लॅमचं तेच, ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल, घरोघरी ताप-डोकेदुखीला घेतात आणि विचारलं तर सांगतात ‘साधीच घेतली, पेनकिलर नाही’.

म्हणून स्ट्रिप उलटी करून कॉम्पोझिशन वाचायचं. हे बोलायला सोपं आहे, प्रत्यक्षात चंदेरी पत्र्यावर राखाडी अक्षरं, तीही इतकी बारीक की मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढते आणि मग तो मोठा करून वाचते. त्यात मेडिकलवाला कात्रीने चार गोळ्या कापून देतो आणि नाव नेमकं उरलेल्या तुकड्यावर त्याच्याकडे राहतं. मी आता सरळ सांगते, दादा नावाच्या बाजूने कापा किंवा अख्खी स्ट्रिप द्या, आणि कुणी कुरकुर केलेली नाही. आमच्याकडे बरेच फॅमिली डॉक्टर अजून स्वतःच गोळ्या देतात, कागदाच्या पुडीत, एक पिवळी, एक अर्धी पांढरी, सकाळ-संध्याकाळ. माणसं चांगली आहेत, रात्री-अपरात्री दार उघडतात, पण पुडीवर नाव नसतं आणि अंगदुखीच्या पुडीत या गटातली गोळी असण्याची शक्यता भरपूर. तिथे ‘डॉक्टर, मला कोलायटिस आहे, यात पेनकिलर आहे का, नाव लिहून द्या’ हे बोलायची लाज वाटू देऊ नका.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन. दुखण्यावर कामाला एक नंबर, यात शंका नाही, आणि म्हणूनच सोडायला जड जातात. आपल्यासाठी पाचपैकी एक. पण हा एक मार्क मी कशावरून दिला ते नीट सांगायला पाहिजे कारण याबद्दल लोक दोन टोकांची बोलतात, एक म्हणतो विष आहे आणि दुसरा म्हणतो मी वर्षानुवर्षं घेतोय काही होत नाही, आणि दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे.

२००६ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, ज्यांचा आजार शांत आहे अशा क्रोन्स आणि कोलायटिसच्या पेशंटना वेगवेगळ्या पेनकिलर देऊन बघितल्या. नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन अशा गोळ्यांवर १७ ते २८ टक्के लोकांचा आजार उसळला, तोही ९ दिवसांच्या आत. पॅरासिटामॉलवर कुणाचाही लवकर उसळला नाही. आता हाच आकडा उलटा वाचा, सत्तरहून जास्त टक्के लोकांना त्या गोळ्यांनी काही झालं नाही. म्हणजे ‘मला काही होत नाही’ म्हणणारा खोटं बोलत नाहीये, तो त्या सत्तरातला आहे. पण आपण कुठल्या बाजूला आहोत हे गोळी गिळायच्या आधी सांगणारी कुठलीही टेस्ट नाही, आणि माझी अडचण तिथेच आहे. ज्याला दोन दिवसांची कंबरदुखी घालवायला महिना-दोन महिन्यांचा संडासचा त्रास, रक्त, स्टेरॉइड, रजा हे सगळं पणाला लावायचंय त्याने लावावं, मी लावत नाही.

पुढे काय झालं की अजून अभ्यास आले आणि चित्र गढूळ झालं. २०१८ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर पेनकिलर आणि आजार उसळणं यांचा ठाम, सगळीकडे सारखा दिसणारा संबंध सापडला नाही. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पेशंटचा एक अभ्यास होता, त्यात महिन्यातून पाच किंवा जास्त वेळा पेनकिलर घेणाऱ्या क्रोन्सवाल्यांमध्ये पुढे आजार जास्त दिसला, २३ टक्के विरुद्ध १५ टक्के, पण कोलायटिसवाल्यांमध्ये फरकच नाही, २२ आणि २१. आणि लक्ष द्या, त्याच अभ्यासात पॅरासिटामॉल वारंवार घेणाऱ्या क्रोन्सवाल्यांमध्ये पण आजार जास्त दिसला. पॅरासिटामॉल बिचारं आतड्याचं काय करणार? म्हणजे कदाचित गोळीमुळे आजार नाही, आजार येतोय म्हणून गोळी.

हा मुद्दा २०२२ मध्ये फार छान तपासला गेला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांचे रेकॉर्ड घेतले, हजारो आयबीडी पेशंट. पेनकिलर घेतलेल्यांमध्ये आजार उसळण्याची शक्यता २४ टक्क्यांनी जास्त निघाली. इथपर्यंत वाटतं झालं सिद्ध. पण मग त्यांनी याच लोकांचा पेनकिलर घ्यायच्या आधीचा काळ बघितला, तर तेव्हाही ती शक्यता जवळपास तेवढीच वाढलेली होती. म्हणजे जो माणूस पेनकिलर घ्यायला जातो त्याचा आजार बऱ्याचदा आधीच हलायला लागलेला असतो, सांधे दुखायला लागतात, अंग कसकसतं, म्हणून तो गोळी घेतो, आणि मग पोट बिघडलं की आळ गोळीवर.

मला हे वाचून फार विचार करायला लागला कारण माझ्या बाबतीत असंच घडलंय. घोटा सुजला, चप्पलचा पट्टा लागेना, जवळच्या दवाखान्यात गेले, तिथे डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळालं, दोन दिवस अगदी पळत होते, आणि आठवडा जायच्या आत संडासला रक्त. घरात सगळे अजूनही म्हणतात इंजेक्शनने झालं. झालं असेल. पण सुजलेला घोटा हीच कोलायटिसची पहिली निशाणी असते कधी कधी, मोठ्या सांध्यांचा जो प्रकार आहे तो बहुतेक आतड्याच्या तालावरच चालतो, आतडं उसळलं की सांधा सुजतो, आतडं शांत झालं की सांधा आपोआप उतरतो. मग त्या दिवशी इंजेक्शन घेतलं नसतं तरी रक्त आलं असतं का, हे एका माणसाच्या एका अनुभवावरून कुणालाच ठरवता येणार नाही. म्हणून मी आता असं करते की सांधा अचानक धरला की मेडिकलमध्ये जात नाही, गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना मेसेज करते, ते बऱ्याचदा शौचाची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट (आतड्यात सूज आहे का ते दाखवणारी) करायला लावतात, ती जास्त आली की पोटाचं औषध वाढवतात, आणि पोट निवळलं की घोट्याला वेगळी गोळी लागतच नाही. ही माझ्या मते या अख्ख्या रिव्ह्यूतली सगळ्यात कामाची गोष्ट.

आणि अभ्यासांचं चित्र गढूळ असलं तरी डॉक्टर अजून ‘शक्यतो टाळा’च म्हणतात, अमेरिकन पोटविकार तज्ज्ञांच्या २०१८ च्या क्रोन्सच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तसंच लिहिलंय, आणि मला ते पटतं. टाळण्यात नुकसान फार नाही, कारण बहुतेक वेळा दुसरा मार्ग असतो. ज्यांना आजार झालेलाच नाही त्यांच्याबद्दल पण एक मोठा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या ७६,७९५ नर्स बायकांचा, २०१२ चा, त्यात महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये क्रोन्स आणि कोलायटिस दोन्ही जास्त निघाले. एकूण आजारी पडणाऱ्या बायका मात्र अगदी थोड्या होत्या, त्यामुळे कधीमधी एखादी घेणाऱ्या वहिनींनी घाबरून जायचं कारण नाही.

आता ‘सोबत गॅसची गोळी घ्या, काही होत नाही’ यावर. हे वाक्य मी इतक्या काउंटरवर ऐकलंय की याचा वेगळा रिव्ह्यू लिहायला हवा. पेनकिलरसोबत पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल दिलं की जठर आणि त्याच्या लगेच पुढचा भाग वाचतो, अल्सर कमी होतात, हे खरंच आहे. पण ते औषध ॲसिड कमी करतं आणि ॲसिडचा कारभार जठरापुरता, खाली लहान आणि मोठ्या आतड्यात त्याचा काही उपयोग नाही. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळून आतडं बघता येतं ना, तसं २००५ मध्ये अगदी निरोगी लोकांवर करून बघितलं. नेप्रोक्सेन आणि सोबत ओमेप्रॅझोल असं दोन आठवडे दिल्यावर ५५ टक्के लोकांच्या लहान आतड्यात अस्तर तुटलेल्या जागा दिसल्या, नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी दिलेल्यांमध्ये ७ टक्के. निरोगी माणसांमध्ये, दोन आठवड्यांत, गॅसच्या गोळीसकट. डायक्लोफेनॅकसारखी काही औषधं तर लिव्हरमधून पित्तासोबत परत आतड्यात उतरतात, म्हणजे त्या अस्तराशी पुन्हा पुन्हा गाठ पडते. तेव्हा गॅसची गोळी जठरासाठी जरूर घ्या, कोलायटिससाठी तिच्या भरवशावर राहू नका.

इंजेक्शनचं पण तसंच, ‘पोटातून जात नाही म्हणजे पोटाला त्रास नाही’ असं लोक समजतात. दंडात टोचा, कमरेत टोचा, औषध रक्तातून सगळीकडे जातं आणि एन्झाइम सगळीकडचंच बंद पडतं. पाचपैकी एकच.

मेफेनॅमिक ॲसिड, म्हणजे पाळीच्या दिवसांतलं मेफ्टाल स्पास. हा भाग मुलींनी नीट वाचा. यात २५० मिलिग्रॅम मेफेनॅमिक ॲसिड आणि सोबत डायसायक्लोमिन असतं. मेफेनॅमिक ॲसिड याच पेनकिलर गटातलं, त्याने जुलाब होणं हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम, आणि ब्रिटनमधल्या त्याच्या माहितीपत्रकात आयबीडी असलेल्यांना देऊ नये असं स्पष्ट आहे. दुसरा घटक डायसायक्लोमिन, तो मुरडा थांबवतो कारण आतड्याची हालचाल मंद करतो, आणि कोलायटिस जोरात असताना नेमकं तेच धोक्याचं, मोठं आतडं फुगून बसू शकतं, तेव्हा सरळ हॉस्पिटल. म्हणजे एका गोळीत आपल्यासाठी दोन अडचणी. पाचपैकी अर्धा मार्क देते, तो पण फक्त बाकीच्या बायकांना तिचा खरंच उपयोग होतो म्हणून. द्रोटिन एममधलं एम म्हणजे पण मेफेनॅमिकच. आपल्याला त्या दिवसांत गरम पाण्याची पिशवी आणि पॅरासिटामॉल, आणि तेवढ्याने भागत नसेल तर स्त्रीरोगवाल्या डॉक्टरांशी बोलून दुसरं काहीतरी ठरवायचं, पण तिथे गेल्यावर कोलायटिसची फाइल सोबत न्यायची, त्या विभागात आपल्या पोटाचं कुणाला माहीत नसतं.

सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब. हे मुख्यतः कॉक्स-२ वरच काम करतात म्हणून अस्तराला थोडी सवलत. सेलेकॉक्सिबवर शांत कोलायटिसच्या २२२ पेशंटवर अभ्यास झाला, दोन आठवडे दिलं, आजार उसळला ३ टक्क्यांचा, खोट्या गोळीवर ४ टक्क्यांचा, म्हणजे काही फरक नाही. एटोरिकॉक्सिबवर पण तीन महिन्यांचा एक छोटा अभ्यास आहे, १०.५ आणि ११.४ टक्के, तिथेही फरक नाही. ऐकायला फारच छान. पण दोन्ही अभ्यास लहान, पेशंट सगळे शांत आजाराचे, आणि पहिला तर दोनच आठवड्यांचा, यावरून वर्षभर रोज घ्या असं कुणी म्हणू नये. शिवाय या घराण्यातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हार्ट अटॅकच्या धोक्यामुळे जगभरातून परत घेतलं गेलं, म्हणून हार्ट, बीपी, किडनीचं काही असेल तर हे पण नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर सेलेकॉक्सिब नको. माझ्या डॉक्टरांनी मला कंबरेसाठी थोड्या दिवसांचं दिलं होतं, तारीख ठरवून, मधे पोटाची चौकशी करत, मला काही त्रास झाला नाही आणि कंबर मोकळी झाली. डॉक्टरांच्या नजरेखाली पाचपैकी तीन, स्वतःच्या मनाने शून्य.

ज्यांना अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस पण आहे, म्हणजे पहाटे कंबर लाकडासारखी आखडते आणि उठून हिंडल्यावर सुटते, त्यांची अडचण मोठी, कारण त्या आजारात हीच पेनकिलर पहिलं औषध असतं. त्यांनी संधिवाताचे आणि पोटाचे असे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलतील हे बघावं, दोन्ही आजारांवर एकत्र चालणारी इंजेक्शन्स आता आहेत, महाग आहेत पण आहेत. हातापायांच्या सांध्यांसाठी सल्फासालाझिन हे जुनं स्वस्त औषध मात्र मला फार आवडतं. स्वीडनच्या नॅना स्वार्ट्झ या बाईंनी ते मुळात संधिवातासाठी बनवून घेतलं होतं, आणि ते कोलायटिसवर पण लागू पडलं, आपल्यासारख्या घोटा आणि आतडं दोन्ही धरलेल्यांसाठीच केल्यासारखं. त्यातला आतड्यावर काम करणारा भाग म्हणजे आपलं मेसालामाइन, आणि ते चक्क ॲस्पिरिनच्या नात्यातलं. म्हणून सगळं सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या नात्यातली औषधं) वाईट असं पण नाही. हार्टसाठी रोज ७५ ची ॲस्पिरिन चालू असेल तर हे वाचून बंद करू नका, त्या २००६ च्या अभ्यासात कमी डोसच्या ॲस्पिरिनवर कुणाचाही आजार लगेच उसळला नव्हता.

ट्रामाडॉल, अल्ट्रासेटसारखं. पेनकिलरच्या या गटातलं नाही म्हणून काही जण सुरक्षित समजून देतात. गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठ, सवय लागण्याचा धोका, आणि कोलायटिस जोरात असताना आतडं मंद होऊन फुगण्याची तीच भीती. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये देतात तेव्हा ठीक, घरी कंबरदुखीला मी घेणार नाही. दीड मार्क.

डायक्लोफेनॅकचं जेल, व्होलिनी वगैरे. माझ्या घोट्यासाठी सध्या हेच. गोळीच्या मानाने रक्तात फार कमी जातं, जेलचं साधारण ६ टक्केच, म्हणून एखाद्या सांध्याला दिवसातून दोनदा लावायला मला धास्ती वाटत नाही. डॉक्टरांना विचारूनच चालू केलंय. पण अख्खी पाठ, दोन्ही गुडघे, खांदे असं चोपडून वर गरम शेक दिला तर तो सहा टक्क्यांचा हिशोब राहत नाही. साडेतीन मार्क, वासाचा अर्धा कापला.

अजून एक, स्टेरॉइड चालू असताना पेनकिलर घेतली तर अल्सर आणि रक्तस्रावाचा धोका एकदम वाढतो, आणि मेसालामाइन चालू असताना किडनीवर दोघांचा मिळून ताण येतो, त्यात जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर आणखीनच. किडनीची क्रिएटिनिन टेस्ट वेळच्या वेळी करत जा. गावाकडची बिननावाची सांधेदुखीची चूर्णं पण यातच धरा, अशा चूर्णांमध्ये स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडल्याच्या घटना देशभर झाल्यात, आणि ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणून आपली माणसं ते महिनोन् महिने खातात. दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडला तर आधी शंका घ्या.

कमेंटमध्ये तुमचे अनुभव जरूर लिहा, मला खरंच हवेत, विशेषतः एटोरिकॉक्सिब कुणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून जास्त दिवस घेतलं असेल तर आणि पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिकशिवाय कुणाला काय लागू पडलं ते. फक्त ब्रँडच्या नावासोबत मागचं कॉम्पोझिशन पण टाका, आणि तेव्हा तुमचा आजार शांत होता की चालू होता हे पण, त्याशिवाय दुसऱ्याला त्याचा उपयोग होत नाही.